चारात एक

११ फेब्रुवारी

दादा,

तुझं पित्त कसं आहे?

दोन वर्षांनी पत्र आलं आणि त्याची सुरुवात ही, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. खरंच विचारतेय. सकाळी उठल्या उठल्या तू ती कॅप्सूल घ्यायचास आणि मग बरोबर एक तास घड्याळाकडे बघत उपाशी बसायचास. "पित्ताची आहे, रिकाम्या पोटीच लागते." मी मुद्दाम तुझ्यासमोर बसून मचमच करत ब्रेड खायचे. चॉकलेट नाही, बदाम नाहीत, मशरूम नाही, कलेजी तर नाहीच. आम्ही तिघं तुला 'पथ्यराव' म्हणायचो. मधला तर तुझी नक्कल करून दाखवायचा, घड्याळाकडे बघत सुस्कारे टाकायचा, आणि धाकटी हसून हसून जमिनीवर लोळायची.

तर बातमी अशी की मलाही पित्त झालंय.

सोमवारी इथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला चिठ्ठी लिहून दिली. औषधाच्या दुकानातल्या माणसाने खोक्यातून पाकीट काढून काउंटरवर ठेवलं आणि मी ते वाचायच्या आधीच ओळखलं. तेच रंग, तीच दोन टोकांना दोन रंग असलेली कॅप्सूल. तो म्हणाला, "रिकाम्या पोटी घ्यायची हं, जेवणाआधी एक तास." मी म्हणाले, "माहितीय, माझ्या भावालाही हेच पित्त आहे." तो बिचारा चक्रावला. म्हणाला, "ताई, हे पित्ताचं औषध नाही."

विल्सनचा आजार म्हणतात याला. खाण्यातून थोडंसं तांबं सगळ्यांच्याच पोटात जातं आणि सगळ्यांचं शरीर ते बाहेर टाकतं. आपलं टाकत नाही. ते आधी यकृतात साठतं, मग मेंदूत, मग डोळ्यांत. बाईंनी यंत्रातून माझ्या डोळ्यांत उजेड टाकला आणि दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवलं, बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवी गोल रेघ. दोघं इतके खूश झाले की मला वाटलं आता माझी सही मागतात की काय! मग चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये साठवून ती बसमधून मांडीवर घेऊन आणायला सांगितली. शेजारच्या काकूंनी विचारलं, सरबत आहे का? मी म्हणाले, हो, घरचं.

मी बाईंना विचारलं, इतकी वर्षं आमच्या दुकानात नावांच्या पितळी पाट्या कोरल्या, त्याची धूळ नाकातोंडात गेली, त्याने झालं का? त्या म्हणाल्या, "छे. तुम्ही शिवणकाम केलं असतं तरी झालं असतं. हे जन्मापासूनचं, आईबाबांकडून आलेलं. घरात अजून कुणाला आहे का?"

आता माझी तक्रार ऐक. तीन वर्षांपूर्वी माझी जीभ जड व्हायला लागली. दुकानाच्या पायरीवर मी दोनदा तोल जाऊन पडले. लाळ गळायची. कारण नसताना हसू यायचं, कारण नसताना वहिनीवर खेकसायचे. आणि त्या दिवशी वकीलबाईंच्या पाटीवर माझी छिन्नी घसरली, नेमकी आडनावाच्या मधोमध. बाई काउंटरला टेकून उभ्या होत्या. त्यांच्यासमोर तू म्हणालास, "सकाळी सकाळीच लावून आलीस का?"

मी आयुष्यात दारूचा थेंब चाखलेला नाही, आणि हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. तू माझं तोंडही हुंगलं नाहीस. हुंगलं असतंस तर टूथपेस्टचा वास आला असता. त्याच आठवड्यात तू दुकानाची किल्ली मागून घेतलीस आणि सगळ्यांना सांगत सुटलास की बहीण हाताबाहेर गेली.

इथे मी एका कारखान्यात बरण्यांना लेबलं चिकटवते. महिन्यापूर्वी तिथेही पडले. लोक कुजबुजायला लागले, तेव्हा आमची मुकादमीण पुढे आली, जिच्याशी मी कधी धड बोललेही नव्हते. तिने वाकून माझं तोंड हुंगलं आणि म्हणाली, "हिने घेतलेली नाही. हिला डॉक्टरकडे न्या." परक्या बाईला जे सुचलं ते तुला सुचलं नाही, असं मी सोमवारपर्यंत समजत होते.

पण सोमवारपासून दुसरंच आठवतंय. मी अठरा वर्षांची असताना तुझाही हात थरथरत होता. "मनगट मुरगळलंय," म्हणालास आणि तीन महिने सगळं कोरकाम माझ्यावर टाकलंस. त्यानंतरच तुझं पित्त सुरू झालं. आणि दर तीन महिन्यांनी पितळेचे पत्रे आणायला तू दोन दोन दिवस बाहेरगावी जायला लागलास. कधी कधी पत्रे न आणताच परत यायचास.

म्हणून एकच विचारते. तुझं पित्त आणि माझं पित्त एकच आहे का? आणि एकच असेल, तर धाकटीची तपासणी केलीस का?

बहीण

२६ फेब्रुवारी

दादा,

रजिस्टर पत्राची पोच परत आली. तिच्यावर सही तुझी आहे, म्हणजे पत्र पोचलं. तोंड शिवून बसायचं ठरवलेलं दिसतंय.

माझं विचारशील तर (विचारणार नाहीस म्हणा), गोळ्या सुरू झाल्यापासून थरथर वाढलीय. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, साठलेलं तांबं हलायला लागलं की पहिले काही आठवडे कधी कधी जास्त त्रास होतो, घाबरून सोडू नका. हळूहळू मात्रा वाढवतायत. सहा महिन्यांत, वर्षभरात बरंचसं सुधारेल म्हणतात, सगळं सुधारेलच असं नाही. पुढे कदाचित जस्ताच्या गोळ्यांवर टाकतील. तांब्याचा आजार, जस्ताचं औषध. पितळेत दुसरं असतं तरी काय? घरचाच धंदा झाला हा. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागलाय, तेव्हा निदान हसून घे.

औषध जन्मभर. एक दिवसही सोडायचं नाही. मध्येच सोडलं तर थोड्याच महिन्यांत यकृत बंद पडून माणूस जातो. तू एक दिवसही सोडलं नाहीस ते मी पाहिलेलं आहे. लग्नाच्या दिवशीसुद्धा तू घड्याळाकडे बघत होतास. आम्हाला वाटलं, मुहूर्त बघतोयस.

पण आज लिहितेय ते धाकटीसाठी. रविवारी मी तिला फोन केला. मनात सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. तिने "ताई!" म्हटलं आणि मला इतकं भरून आलं की जुळवलेलं सगळं विसरले. मी म्हणाले, धाकटे, तुला रक्त तपासायला हवं, दादाला जे आहे ते मला आहे. असं म्हणाले, असं मला वाटतं. तिला काय ऐकू गेलं कोण जाणे. माझे 'स' आणि 'त' सगळे एकमेकांत लोळतात आता. ती म्हणाली, "ताई, तू परत घेतलीस ना? रविवारी तरी नको ना गं."

मी ओरडले. ओरडल्यावर जीभ आणखीच अडखळते. तिने फोन ठेवला.

ठेवायच्या आधी, विषय बदलायचा म्हणून, हसत हसत सांगत होती की पार्लरमध्ये तिच्या हातून कात्री दोनदा पडली आणि एकदा एका बाईच्या कानाला लागली. मॅडम तिला 'धांदरट' म्हणतात. दादा, ती धांदरट नाही. वीस वर्षांची पोर आहे, आणि कंगव्याने सरळ भांग पाडायची पैज ती दहाव्या वर्षीच जिंकायची.

मी सांगून ती ऐकणार नाही, आणि हे तू करून ठेवलंस. माझ्या तोंडाचं दारुडीचं तोंड करून ठेवलंस, आता त्यातून खरं आलं तरी त्याला वासच येणार. ती तुझ्या घरात राहते, तुझ्या शब्दाबाहेर नाही. तू तिला एवढंच सांग, "चल, तपासून येऊ." माझी माफी मागू नकोस, किल्ली परत देऊ नकोस. एवढं एकच कर.

बहीण

९ मार्च

दादा,

आलं तुझं उत्तर. दुकानाच्या छापील कागदावर, वर 'सुबक व टिकाऊ पाट्या' आणि खाली आठ ओळी. मी त्या इतक्यांदा वाचल्या की पाठ झाल्यात. तू लिहितोस:

"डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं की हा आजार तीस हजारांत एकाला होतो, आणि भावंडांत चारात एकाला. आपण चौघं. त्यातला एक मी निघालो. तुम्ही तिघं सुटलात म्हणून मी समाधान मानलं आणि तुमच्या डोक्याला ताप नको म्हणून बोललो नाही. तुझ्या बाबतीत डॉक्टरांची चूक होत असावी. धाकटीला यात ओढू नकोस."

वाचून आधी मी हसले. मग रडले. आणि मग, खोटं कशाला सांगू, तुला पाच मिनिटं माफही करून टाकलं. कारण ही चूक अगदी तुझीच आहे, दुसरं कुणी करणार नाही. तुझं सगळं गणित पत्र्याचं. एका पत्र्यातून चार पाट्या निघतात, एकीला तडा गेला की तू हुश्श करतोस, गेली ती गेली, आता उरलेल्या तीन चांगल्या. आईबाबांनाही तू पत्राच समजलास!

मी तो कागद घेऊन बाईंकडे गेले. म्हटलं, माझा भाऊ असं म्हणतो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, असं समजणारे बरेच भेटतात. आणि त्यांनी टेबलावरच्या औषधांच्या दोन रिकाम्या डब्या पुढे ओढल्या. ही आई, हे बाबा. प्रत्येकीत दोन चिठ्ठ्या, एक चांगली, एक बिघडलेली. अशी एखादी बिघडलेली चिठ्ठी नव्वदेक माणसांत एकाकडे असते आणि त्याला जन्मात त्याचा पत्ता लागत नाही, कारण एक चांगली असली की भागतं. आईला काही नव्हतं, बाबांना काही नव्हतं. पण नव्वदातली एक आणि नव्वदातला एक नेमके एकमेकांच्या गळ्यात पडले. मूल होताना प्रत्येकाने डोळे मिटून आपल्या डबीतली एकेक चिठ्ठी द्यायची. दोन्ही बिघडलेल्या आल्या की आजार. ती वेळ चारात एकदा येते.

आणि पुढचं मूल होताना, दादा, सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा डबीत. आधीच्यांना काय मिळालं याची आठवण डबीला नसते. तुझ्या वेळी चारात एक, माझ्या वेळी पुन्हा चारात एक, मधल्याच्या वेळी पुन्हा, धाकटीच्या वेळी पुन्हा. तुला झाला म्हणून आमच्यातलं कुणी सुटलं नाही. तीस हजारांत एक हे बाहेरच्या जगाचं. आपल्या घराच्या उंबऱ्याच्या आत तो आकडा चालत नाही.

तेव्हा माझ्या डॉक्टरांची चूक झालेली नाही. तुझी झाली. चूक झाली असेल तर ती मी पोटात घालीन, कारण आईबाबा गेले तेव्हा तू बावीस वर्षांचा होतास आणि आम्हा तिघांचे डबे भरत होतास. मला छिन्नी धरायला तू शिकवलंस. माझ्या पहिल्या पाटीवर 'ष' उलटा पडला तरी ती तू दुकानात लावून ठेवलीस. तुझ्यावर रागावणं मला सोपं जात नाही, फक्त जमतं चांगलं.

पण आता तुला कळलंय. आता चूक म्हणता येणार नाही. धाकटीला घेऊन जा. तिला काही नसेल तर चारात तीन वेळा तसंच होतं, हसत घरी या. पुढच्या सोमवारपर्यंत मी वाट बघते.

ताई (तुझी नाही, धाकटीची)

२१ मार्च

दादा,

काल एक पाकीट आलं. आत चिठ्ठी नाही, दोन ओळी नाहीत. नुसता एक चार घड्यांचा जुना कागद. पत्ता वहिनीच्या अक्षरात. तिने माझी पत्रं वाचलेली दिसतात. तिलाही तू पित्तच सांगितलं होतंस ना?

कागद तुझ्या डॉक्टरांचा आहे. आजाराचं नाव आहे, तुझं वय आहे, औषध आहे. आणि खाली, टाइप केलेलं: "रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाची, कोणतीही तक्रार नसली तरी, लवकरात लवकर तपासणी करावी. रुग्णास हे समजावून सांगितले आहे." 'प्रत्येक' या शब्दाखाली लाल शाईची रेघ आहे. दोनदा ओढलेली. त्याच्याखाली सही.

सही तुझी आहे. शेवटच्या अक्षराची ती शेपटी मी हजार पावत्यांवर बघितलीय.

म्हणजे चारात एक ही तुझी चूक नव्हतीच. तुला समजावलं होतं, तू मान डोलावलीस, सही केलीस आणि कागदाची घडी घातलीस. आणि परवा मला मूर्ख समजून पत्र्याचं गणित लिहून पाठवलंस. ती पाच मिनिटांची माफी मी परत घेते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे असतं, हे मला एकोणतीस वर्षांची होईपर्यंत माहीत नव्हतं.

मी तारीख शेवटी बघितली. बघायला नको होती. अकरा वर्षांपूर्वीचा ऑगस्ट, तारीख एकोणीस.

मधला गेला पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात.

मी बोटांवर मोजलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजलं, मग कागदावर लिहून मोजलं. चौदा महिने. दादा, चौदा महिने तुला माहीत होतं.

त्याला सतरावं लागलं होतं. आधी डोळे पिवळे झाले, मग पोट फुगलं, मग पायांवर सूज. आपण कावीळ म्हणालो. दवाखान्यात त्याच्या खाटेपाशी तो नवा, दाढी नीट न फुटलेला डॉक्टर आला, हातात पॅड घेऊन. मी तुझ्या शेजारी उभी होते, पाण्याची बाटली धरून. त्याने विचारलं, "घरात कुणाला यकृताचा आजार आहे? कुणी कायमची औषधं घेतं का?"

तू म्हणालास, "नाही."

त्याने लिहिलं, 'घरात काही नाही', आणि पुढच्या खाटेकडे गेला. नवव्या दिवशी मधला गेला.

इतकी वर्षं मी त्या 'नाही'कडे कधी बघितलंच नव्हतं. आता त्याच्या आजूबाजूचं सगळं दिसतं. तुझ्यामागे कोण उभं होतं, सांगू? वहिनीचे वडील. सफरचंदांची पिशवी घेऊन आले होते. तुमचं लग्न ठरून तीन आठवडे झाले होते. त्यांच्यासमोर तुला 'हो' म्हणता आलं नाही. 'हो' म्हटलं असतंस तर काय झालं असतं? लग्न मोडलं असतं. कदाचित मोडलंही नसतं. ज्या बाईने मला हा कागद पाठवला तिने लग्न मोडलं असतं असं मला वाटत नाही.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, आधी कळलं असतं तर तो वाचला असता का? त्या म्हणाल्या, "यकृत बंद पडायला लागलं की गोळ्यांनी भागत नाही, यकृत बदलावं लागतं. पण चौदा महिने आधी गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर बहुधा ती वेळच आली नसती." 'बहुधा' म्हणाल्या. तुला तेवढी फट हवी असेल तर घे.

आणि मग माझा हात थरथरला. तुला पहिल्याच दिवशी कळलं असणार. 'बहिणीलाही आहे' म्हटलं की लोक विचारणार, तिला कुठून आलं, आणि मग मधल्यापर्यंत यायला कितीसा वेळ लागतो? त्यापेक्षा बहीण दारुडी बरी. मला तू दुकानातून काढलं नाहीस, साक्षीदाराला काढलंस.

तुला मधल्याला मारायचं नव्हतं, हे मला कळतं. तू त्याच्या उशाशी नऊ दिवस झोपला नाहीस. पण मला तुझी दया येत नाही. खूप शोधली.

धाकटी. अजून एकदा लिहिते. धाकटी. सोमवार कधीच होऊन गेला.

१८ एप्रिल

दादा,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. धाकटीच्या हाती देतेय. पाकीट चिकटवलेलं नाही. मी तिला सांगितलंय, दादासमोर बस आणि त्याला मोठ्याने वाचून दाखव, आधी डोकावू नकोस. ती शब्दाची पक्की आहे. म्हणजे आत्ता तू ऐकतोयस तो आवाज तिचा आहे.

तिला आजार आहे. तुला ते एव्हाना माहीत आहे. वहिनी तिला 'चष्म्याचा नंबर बघू' म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, त्यांनी रेघ बघितली आणि तिला इथे पाठवलं. रक्त झालं, कॅन झाला (ती कॅन टॅक्सीने घेऊन आली, माझ्यापेक्षा हुशार), पोटाचा फोटो झाला. यकृताला थोडी सूज आहे, पण वेळेत सापडलं. बाई म्हणाल्या, आज सुरू केलं तर ही म्हातारी होऊन नातवंडांचे केस कापेल.

आज सुरू केलं तर. पण पाकीट तिच्या पर्समध्ये तसंच्या तसं आहे, बारा दिवस झाले. सकाळी बसने आली, जेवली, पलंगावर आडवी झाली. मी पर्स उघडून मोजलं. एकही गोळी कमी नाही.

उठल्यावर मी विचारलं. म्हणाली, "दादा म्हणाला, घाई नको. डॉक्टर लोक घाबरवतात. एकदा धरलं की जन्मभर सुटत नाही, सहा महिने थांबून बघू."

मी म्हणाले, मग मी घेते ते काय आहे?

ती म्हणाली, "ताई, मला माहितीय आता की तू पीत नव्हतीस. त्याबद्दल मला इतकं वाईट वाटतं की काय सांगू. पण मला दादाने वाढवलंय. आईचा चेहरा मला आठवतही नाही. तो माझ्या वाइटाचं कधी सांगेल का? त्याने 'घे' म्हटलं की त्याच मिनिटाला घेते."

दादा, हे ऐकून मला राग आला नाही. तिची बाजू बरोबर आहे. मीही तशीच होते. तू छिन्नी उलटी धर म्हणाला असतास तर मी उलटी धरली असती.

मग तिने विचारलं, "मधल्याला नुसती कावीळच होती ना?" मी म्हणाले, चहा ठेवते. आत येऊन हे लिहायला बसले. बाहेर ती माझ्या उशीचे अभ्रे बदलतेय, तिला रिकामं बसवत नाही. तिची बस चार वाजता आहे.

तुला एक संधी देते, ती तुझ्यासाठी नाही. धाकटे, हा परिच्छेद वाचून झाला की थांब. दादा, तिला आत्ता सांग, 'घे'. पेल्यात पाणी आण आणि तुझी गोळी नि तिची गोळी शेजारी ठेव. एवढं तू केलंस, तर धाकटे, हे पत्र घडी घालून वहिनीकडे दे आणि उरलेलं कधीच वाचू नकोस. मला त्यात काही मिळवायचं नाही. मधला परत येत नाही. मला फक्त तू हवी आहेस.

आणि तो अजूनही काही बोलला नसेल, खिडकीबाहेर बघत असेल, 'ताईचं डोकं फिरलंय' म्हणत असेल, तर पुढे वाच.

धाकटे, हे सावकाश वाच, आवाज चढवू नकोस. मधल्याला कावीळ नव्हती. त्याला तेच होतं जे मला आहे, जे तुला आहे, जे दादाला अकरा वर्षांपासून आहे. दादाला ते तेव्हा माहीत होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तो 'नाही' म्हणाला. मी शेजारी उभी होते. मधला नऊ दिवस दवाखान्यात पडून होता, आणि ते नऊच्या नऊ दिवस दादा सकाळी घरी येऊन स्वतःची गोळी घेऊन परत त्याच्या उशाशी जाऊन बसत होता.

आता कागद खाली ठेव. त्याच्याकडे बघ आणि विचार, मी घेऊ का थांबू?

ताई